तिसराही हेडफोन गेला, आता चौथा कुठला घेऊ?

"काका, मी जांबोटीजवळच्या एका गावातली. रोज बसने बेळगावला कॉलेजला येते, शनिवारी-रविवारी गाण्याच्या क्लासला. बसमध्ये बँकेच्या परीक्षेचे व्हिडिओ ऐकते आणि घरी सरांनी दिलेली रेकॉर्डिंग. दोन वर्षांत तीन हेडफोन गेले, सातशेचा, बाराशेचा आणि पंधराशेचा. तिसरा आता एकाच कानात वाजायलाय, तोही वायर वाकवून धरली तरच. शिकवण्या घेऊन सात हजार साठवलेत. दुकानदार म्हणाला, ५० एमएमचा बासवाला गेमिंगचा न्या. दादा म्हणतो, नॉइज कॅन्सलेशनचा ब्लूटूथच घे. सरांनी ऑडिओ-टेक्निकाचा एम२०एक्स सांगितला, वायरचा, तो पाच हजारांना मिळायलाय. बाबा म्हणतात, दोनशेचा घे आणि गप बस. गाणं नीट ऐकू यावं, पैसे वसूल व्हावेत आणि निदान पाच वर्षं टिकावा, असा एकच सांगा."

एकच सांगा म्हणालीस, पण मी दोन सांगणार आहे आणि दोन्ही तुझ्या सात हजारांत बसवणार आहे. कारण तुझी कामंच दोन आहेत. बसमध्ये इंजिनाची घरघर आणि काचांचा खडखडाट कानाबाहेर राहिला आणि शिकवणाऱ्याचं बोलणं कळलं, की झालं. घरी मात्र तान कुठल्या स्वरावर वळली, कणस्वर कुठला लागला, हे कानाला कळायला हवं. ही दोन्ही कामं चोख करील आणि वर पाच वर्षं टिकेल असा एकच हेडफोन या पैशांत मला माहीत नाही. म्हणून घरासाठी एक, बससाठी एक. दोन्ही वायरचे आणि दोन्ही दुरुस्त होणारे. आता कारणं सांगतो.

आधी आवाजाचं बोलू. तू गाणं शिकतेस, त्यामुळे निवड चुकली तर सगळ्यात मोठं नुकसान तिथेच होईल.

खोक्यावर छापलेलं बहुतेक सगळं बाजूला ठेव. '२० ते २०,००० हर्ट्झ' (हर्ट्झ म्हणजे सेकंदाला होणारी कंपनं) हे सातशेच्या खोक्यावरही असतं आणि सत्तर हजारांच्याही. तरुण, निरोगी कान साधारण तेवढंच ऐकतो, म्हणून तो आकडा छापतात. त्या टप्प्यात कुठले स्वर उचललेत आणि कुठले दाबलेत, हे खोकं सांगत नाही, आणि हेडफोनचा स्वभाव तर तिथेच कळतो. ५० एमएमचंही तसंच. आतला पडदा मोठा म्हणजे आवाज चांगला, असं काही नसतं. कानात घालायच्या इयरफोनचा पडदा १० एमएमच्या आसपास असतो आणि त्यातले काही फार सुरेख वाजतात. किंमतीवरूनही अंदाज बांधू नकोस. येरून ब्रेबार्ट यांनी २०१७ मध्ये २८३ हेडफोनांची मोजमापं आणि त्यांच्या किंमती शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या. कोणते स्वर किती जोराने ऐकू येतात याचा आणि किंमतीचा संबंध त्यांना आढळला नाही. जास्त पैसे दिले की बांधणी, आराम, सोयी मिळू शकतात. स्वर जास्त खरे मिळतील, याची खात्री कुणी देत नाही.

मग पारख कशी करायची? तू गाणारी आहेस, तुझ्याकडे दुकानदारापेक्षा चांगलं साधन आहे. ते म्हणजे तानपुरा.

तुझी पट्टी, म्हणजे तू 'सा' कुठे धरतेस ते, तू लिहिली नाहीस, मी पेटीवरची काळी चार धरतो. काळी चारच्या तानपुऱ्यात खर्जाची, म्हणजे सगळ्यात खालच्या 'सा'ची, तार साधारण १०४ हर्ट्झला बोलते. त्या तारेतून नुसता खर्ज येत नाही. दुप्पट, तिप्पट, चौपट, पाचपट कंपनांचे उपस्वरही तिच्यातून निघतात. १०४ ची पाचपट ५२०, आणि तिथे असतो गंधार. कुणी न छेडलेला, तारेतून आपसूक उमटणारा. यालाच स्वयंभू गंधार म्हणतात, आणि सरांनी तुला तो डोळे मिटून ऐकायला लावला असेलच. आता बासवाला हेडफोन काय करतो, तर साधारण दोनशे हर्ट्झच्या खालचं सगळं फुगवतो. खर्ज दणदणीत होतो. खालचा दणदणीत आवाज वरच्या नाजूक आवाजाला झाकतो, आपल्या कानाची घडणच तशी आहे. परिणाम असा, की जवारीची, म्हणजे तारेच्या झणझणत्या नादाची, झळाळी विरते, गंधार बुडतो आणि मागे नुसता घुमारा राहतो. डग्ग्याचीही तीच गत. तबलजी मनगट सरकवून डग्ग्याचा स्वर चढवतो, ते चढणं ऐकू यायला हवं. बासवाल्यात फक्त 'धुम्म' ऐकू येतं. लग्नाच्या वरातीतली गाणी त्यावर मस्त वाजतात, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण ज्या कानाला अजून सूर ओळखायला शिकायचंय, त्याला रोज दोन दोन तास असा बदललेला आवाज ऐकवणं मला बरोबर वाटत नाही.

दुकानात जाताना एक रेकॉर्डिंग फोनमध्ये उतरवून ने, म्हणजे तिथे नेटवर्कची वाट बघायला नको. कुमार गंधर्वांचं कुठलंही निर्गुणी भजन चालेल. ते आपल्याच जिल्ह्यातल्या सुळेभावीत १९२४ साली जन्मले, आणि तानपुरे लावण्याबाबत ते किती काटेकोर होते हे गाणाऱ्या मंडळींना सांगायला नको. शब्द सुरू होण्याआधीचे तानपुरे ऐक. दोन तानपुरे दोन म्हणून कळतात का? गळा लागल्यावर ते मागे सरतात, पण पुसले जात नाहीत ना? शब्दाच्या शेवटी श्वास घेतलेला कळतो का? 'स' आणि 'श' कानाला टोचतात का? टोचत असतील तर तो हेडफोन वरच्या बाजूला जास्त तीक्ष्ण आहे, तासाभरात डोकं धरेल.

दोन हेडफोन ताडून बघताना दोन्हींचा आवाज सारखा वाटेपर्यंत व्हॉल्यूम जुळवून घे. हे फार महत्त्वाचं आहे. एकाच व्हॉल्यूमला काही हेडफोन मोठे वाजतात, काही बारीक, आणि जो जरासा मोठा वाजतो तोच कानाला सरस वाटतो. खडेबाजारातल्या दुकानात गर्दीच्या वेळी घाईघाईने केलेली निवड इथेच फसते. सकाळी दुकान उघडल्या उघडल्या जा आणि फोनमधला इक्वलायझर (बास-ट्रेबल कमी-जास्त करणारी सोय) आधी बंद कर.

गेमिंगच्या हेडफोनबद्दल एवढंच सांगतो, की खोक्यावरचं ते '७.१', म्हणजे चारी बाजूंनी आवाज आल्याचा भास, बहुतेक वेळा सॉफ्टवेअरने केलेलं असतं आणि आत पडदे दोनच असतात. तुला त्याचा उपयोग नाही.

सरांनी सांगितलेला एम२०एक्स मला पटतो. स्टुडिओच्या कामासाठी काढलेल्या मालिकेतला हा सगळ्यात साधा. ४० एमएमचा पडदा, कानाभोवती बंद बसणारी वाटी, एकाच बाजूने, डावीकडून येणारी तीन मीटरची वायर. गळ्याचा आवाज तो सरळ देतो आणि तानपुरा झाकत नाही. त्याची उणी बाजूही सांगतो. वायर कायमची जोडलेली आहे, ओढून निघत नाही. तुटली तर वाटी उघडून डाग द्यावा (सोल्डर करावं) लागतो. हे काम होतं, पण हात बसलेला माणूस हवा. त्याच मालिकेतल्या एम४०एक्सची वायर काढता-घालता येते आणि तो वरच्या स्वरांत जास्त स्वच्छ आहे, पण तो तुझ्या सात हजारांत बसत नाही. तू थांबायला तयार असशील, तर आधी बसचा घे, शिकवणीचे आणखी थोडे पैसे जमू देत आणि मग थेट एम४०एक्स घे. माझी भाची असती तर तिला मी थांबच म्हटलं असतं. पण सहा महिन्यांवर परीक्षा असेल किंवा सर रोज नवीन बंदिश देत असतील, तर एम२०एक्स घ्यायला मुळीच कचरू नकोस.

रियाजाला मात्र यातला कुठलाच वापरू नकोस. दोन्ही कान झाकले की आपला आवाज आपल्याच डोक्यात घुमतो, जाडसर ऐकू येतो आणि लागलेला सूर नेमका कळत नाही. तानपुऱ्याचं ॲप छोट्या स्पीकरवर लाव. कधी हेडफोन लावूनच गावं लागलं तर एक कान उघडा ठेव. स्टुडिओत गाणारे पुष्कळ जण असंच करतात.

आता दादाचं. त्याचं म्हणणं चुकीचं नाही. नॉइज कॅन्सलेशनच्या हेडफोनमध्ये बाहेरचा आवाज टिपणारा माइक असतो, त्या आवाजाच्या बरोबर उलट लहर आत सोडली जाते आणि दोन्ही एकमेकींना खोडतात. बसच्या इंजिनासारख्या संथ, सलग, खालच्या घरघरीवर हे फार छान चालतं. शेजारच्या सीटवरच्या गप्पांवर आणि कंडक्टरच्या शिट्टीवर तितकं चालत नाही. ब्लूटूथमुळे गाण्याचा सत्यानाश होतो, असंही मी म्हणणार नाही. नुसतं ऐकायला ते पुरेसं चांगलं असतं. गाताना मात्र आवाज उशिरा पोचतो, सेकंदाच्या दहाव्या-पाचव्या भागाचा तो उशीर तालाला चालत नाही.

माझी खरी अडचण तुझ्या तिसऱ्या अटीशी आहे. पाच वर्षं. लिथियमची बॅटरी साधारण तीनशे ते पाचशे वेळा पूर्ण चार्ज झाली की तिची ताकद उतरायला लागते. मोठ्या हेडफोनची बॅटरी एका चार्जवर खूप तास चालते, म्हणून तो चार-पाच वर्षं ओढून नेता येतो. पण कानात घालायच्या वायरलेस कळ्यांमध्ये बॅटरी चिमुकली, रोज चार्ज होणारी, आणि प्लास्टिक चिकटवून बंद केलेलं. दोन-तीन वर्षांत ती थकते आणि बहुतेकांत ती बदलता येत नाही. बाकी सगळं ठणठणीत असताना केवळ बॅटरीपायी वस्तू टाकून द्यावी लागते, याचं मला फार वाईट वाटतं. तुझ्यासारखीने शिकवण्या घेऊन जमवलेल्या पैशांचं असं होऊ नये.

बसच्या आवाजावर दुसरा उपाय आहे, आणि तो स्वस्त आहे. रबरी टोपीचे, कानात नीट बसणारे वायरचे इयरफोन. मूनड्रॉपचा चू २ किंवा केझेडचे वायर निघणारे साधे नग बघ. असे नग दोन हजारांच्या आत मिळतात. कानाचा रस्ता टोपीनेच बंद होतो, त्यामुळे बाहेरचा बराच आवाज बाहेरच राहतो. त्यांची वायर कळीपासून दोन बारीक पिनांनी वेगळी होते. तुटली तर तेवढी वायर नवी आणायची, कळ्या त्याच. घेताना पिनेचं माप विचारून ठेव, ते नगानुसार बदलतं. खोक्यात टोप्यांची तीन मापं येतात, तिन्ही लावून बघ. दोन कानांना दोन वेगळी मापं लागली तरी चालतं. कान हाताने किंचित वर आणि मागे ओढून टोपी आत सरकव. बास अचानक भरून आला, की समज नीट बसली. अर्धवट बसलेल्या टोपीवरून 'आवाज पातळ आहे' म्हणून चांगला इयरफोन परत करणारे पुष्कळ आहेत. बेळगावात उतरल्यावर मात्र आधी काढून खिशात घाल. बसस्थानकात गाड्या मागे घेत असतात, हॉर्न ऐकू यायला हवा.

टोपीने आवाज अडवण्याचा खरा फायदा तुझ्या कानांना आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने ८० डेसिबल आवाज आठवड्याला ४० तास ऐकला तरी चालतो, ९० डेसिबल मात्र फक्त ४ तास. दहाच डेसिबलचा फरक, पण मुभा दहापटीने कमी. साध्या इयरफोनवर बसमध्ये व्हिडिओ ऐकायचा तर इंजिनाच्या वर आवाज चढवावा लागतो, आणि रोजच्या जाण्यायेण्यात आठवड्याचे चार तास कधीच भरतात. कानातल्या बारीक केसपेशी एकदा मेल्या की परत येत नाहीत. गाणाऱ्या मुलीने इथे हयगय करू नये. घरी शांततेत जेवढा व्हॉल्यूम लागतो, त्याच्या फार वर बसमध्येही जाऊ नकोस. उतरल्यावर कानात 'सूं' वाजत असेल तर तो जास्त झाला, असं समज.

टिकण्याचं बोलताना आपल्याकडचा पाऊस धरायलाच हवा. तुमचा जांबोटी-कणकुंबीचा पट्टा म्हणजे जूनपासून भिंतींना ओल. हेडफोनच्या गाद्यांवरचं काळं 'लेदर' बहुधा पॉलियुरेथेन असतं. हवेतल्या दमटपणाने ते आतून तुटत जातं, मग चिकट होतं, भेगा पडतात आणि एक दिवस काळे कपटे गालाला चिकटून येतात. आमच्या घरी एका नावाजलेल्या कंपनीच्या महागड्या हेडफोनच्या गाद्या दुसऱ्याच पावसाळ्यात अशा सोलल्या. आवाजाला काही झालं नव्हतं, पण त्या मॉडेलच्या सुट्या गाद्या कुठे मिळेनात. म्हणून घेण्याआधी दुकानदाराला हा प्रश्न विचारच, की याच्या सुट्या गाद्या मिळतात का. एम२०एक्सच्या मिळतात, इतर कंपन्यांनी बनवलेल्याही त्याला बसतात. पण आधीच दोन जोड घेऊन ठेवू नकोस. कपाटात पडून राहिल्या तरी दमट हवेने त्या खराब होतातच. लागतील तेव्हाच घे. पावसाळ्यात ऐकून झालं की गाद्या कोरड्या सुती फडक्याने पूस, दहा मिनिटं उघड्या हवेत ठेव आणि मग कोरड्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेव. चपला-औषधांच्या खोक्यांत येतात त्या पुड्या चालतात, मात्र घरात लहान मूल असेल तर त्याच्या हाताला लागू देऊ नकोस. ओल्या छत्रीशेजारी, बंद प्लास्टिकच्या पिशवीत हेडफोन कधीही कोंबू नकोस.

तुझे तीन हेडफोन कशाने गेले असतील, तेही तू लिहिलेल्या एका वाक्यावरून कळतं. वायर वाकवून धरली तरच वाजतो, म्हणजे बहुधा जॅकच्या मानेपाशी आतली तार तुटलीय. फोन पर्समध्ये टाकताना जॅक लावलेलाच ठेवतेस आणि वायर फोनभोवती घट्ट गुंडाळतेस, असा माझा अंदाज आहे. जॅक काढून मग फोन ठेव. वायर चार बोटांभोवती सैल गोल करून ठेव. निम्मं आयुष्य त्यानेच वाढेल. तो तिसरा टाकू नकोस, मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात नवीन ३.५ एमएमचा जॅक लावून मिळतो. जॅकपासून तीन-चार सेंटीमीटर वायर कापून टाकायला सांग, कारण तुटलेली जागा त्यातच असते. आतल्या केसांएवढ्या तारांवर रंगीत लाखेचा थर असतो. तो जळेपर्यंत सोल्डरिंगचं टोक धरावं लागतं, नाहीतर डाग वरवर बसतो आणि आठवड्यात परत तेच. दुरुस्त झाला की बाबांना बातम्या ऐकायला दे.

बाबांच्या दोनशेच्या हेडफोनचाही हिशेब मांडू. तुझे तीन मिळून दोन वर्षांत ३,४०० रुपये गेले. याच गतीने पाच वर्षांत ८,५०० जातील आणि हाती काही राहणार नाही. दोनशेचे घेतलेस तर पैसे कमी जातील हे खरं, पण त्यावर तानपुरा ऐकू येणार नाही, आणि तुझ्या पत्रातली पहिली अट तीच आहे. पाच हजारांचा घरचा, दोन हजारांच्या आतला बसचा, मध्ये कधीतरी एक गाद्यांचा जोड आणि एक वायर. पाच वर्षांचा एवढाच खर्च. सध्याच्या फोनला वायरचा हेडफोन लागतोय, पण पुढचा फोन बिनजॅकचा निघाला तर टाइप-सीचा छोटा ॲडॉप्टर लागेल. तो आपला फोन लावून, वाजवून बघितल्याशिवाय घेऊ नकोस. काही ॲडॉप्टर काही फोनवर चालतच नाहीत, काहींवर आवाज फार बारीक येतो.

कुठून घ्यायचा, हे तू विचारलं नाहीस, पण आपल्याकडे 'कोल्हापुरात स्वस्त पडतं' म्हणून लोक निघतातच. २०१७ मध्ये जीएसटी आल्यापासून हेडफोनवरचा कर दोन्ही राज्यांत सारखाच आहे. दुकानदाराने सूट दिली तर गोष्ट वेगळी, नाहीतर तेवढ्यासाठी गाडीभाडं घालू नकोस. बेळगावात घे, कोल्हापुरात घे किंवा ऑनलाइन घे, जीएसटीचं पक्कं बिल घे आणि त्यावर मॉडेलचं पूर्ण नाव लिहून घे. 'बिलाशिवाय दोनशे कमी करतो' म्हणणाऱ्याला नमस्कार कर आणि पुढच्या दुकानात जा, कारण वॉरंटी बिलावर चालते. सर्व्हिस सेंटर आपल्या गावात नसतं, म्हणून दुरुस्तीला माल कुठे पाठवायचा आणि कुरिअरचे पैसे कोण भरणार, हेही घेण्याआधीच विचार. खोकं वॉरंटी संपेपर्यंत जपून ठेव. वॉरंटीत असूनही कुणी दाद दिली नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे, तिथे मराठीतही बोलता येतं. त्यानेही भागलं नाही तर २०१९ च्या ग्राहक कायद्याप्रमाणे तू राहतेस त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते. दुकान कोल्हापुरातलं असो की कंपनी बेंगळुरूची, बेळगावच्या जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज चालतो.